मांडीवरचा दगड

जीपच्या पुढच्या चाकाचा ड्रम उघडला आणि माझ्या हातातला पाना हातातच राहिला. ब्रेकच्या लायनरच्या जागी नुसतं लोखंड होतं. वरचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला, तारेनं आवळून बांधलेला.

“काकू, हिच्यातून तुम्ही रोज घाटाखाली दूध नेता? ब्रेक कुठाय हिला?”

“हे आहेत की!” यमुनाकाकूंनी नवऱ्याकडे, दाजींकडे बोट दाखवलं. “मी पहिल्या गिअरमध्ये सोडते. फारच पळायला लागली की हे मागून उडी मारतात आणि चाकाखाली दगड लावतात.”

ओठांवर आलेली शिवी मी गिळली आणि कामाला लागलो.

नवे पाटे चढवले, ब्रेक नवे केले आणि ट्रायलला त्यांच्याबरोबर मीही निघालो. दाजी सवयीनं मांडीवर दगड घेऊन मागे बसलेच.

घाटातल्या सगळ्यात वाईट वळणावर मी म्हणालो, “काकू, दाबा.”

त्यांनी भीतभीत ब्रेकवर पाय टेकवला. जीप पुढे जरा झुकली आणि भर उतारावर गप उभी राहिली. दाजींनी तोवर उडी मारलीही होती. आता दगड कशाला लावायचा, तेच त्यांना कळेना.

आजवर या वळणावर काकूंनी फक्त रस्ता बघितला होता आणि दाजींनी फक्त चाक. दाजींनी दगड हळूच खाली ठेवला. मान वर केली. वरच्या कड्याकडे निरखून बघितलं.

“अगं, उतर खाली,” ते म्हणाले. “इथून आपलं घर दिसतं.”