आतली बेल

“काका, बेल भाईर असती,” ड्रिल हातात धरून मुनीब म्हणाला. “घराच्या आत कोण लावतंय?”

“इथंच लाव.” धोंडप्पांनी दाराच्या आतल्या भिंतीवर, चपला ठेवायच्या फळीच्या वर बोट ठेवलं.

मुनीब हसला. धोंडप्पा हसले नाहीत.

बेल त्यांच्या मुलीनं, मंजुषानं, पुण्याहून पाठवली होती. वायर नाही, बॅटरीवर चालणारी. बटण दाबलं की तिकडं तिचा फोन वाजणार, दारात कोण आहे ते तिला दिसणार, तिथून बोलताही येणार. आई गेल्यापासून अप्पा उदगीरला एकटे होते. दाराशी कोण येतं-जातं ते तिला कळायला हवं होतं.

मुनीबनं बाहेरच्या जागा दाखवल्या. चौकटीच्या उजव्या अंगाला ऊन लागत नव्हतं. डाव्या अंगाला लावली तर पार गिरणीपर्यंत गल्ली दिसत होती. “फाटकावर लावली तर कुत्रं आलं तरी ताईला कळंल बगा.”

धोंडप्पांनी सगळ्या जागा बघितल्या. उंबऱ्याच्या आत उभं राहूनच बघितल्या.

“तुमी जरा भाईर या की.”

“दिसतंय मला.”

मुनीब शेजारीच राहायचा. काकूंचं, महानंदाबाईंचं, दिवसकार्य आटोपलं तेव्हापासून काका गल्लीत दिसले नव्हते. बाजारातली रोजची चक्कर बंद होती. भाजी मुनीबची बायको रईसा आणून द्यायची. ती सांगायची, काका सकाळी शर्ट घालतात, चपला घालतात, उंबऱ्याशी येतात. आत बघून काहीतरी बोलतात, थांबतात, आणि चपला काढून ठेवतात. गुडघे धरले असतील, असं मुनीबला वाटायचं.

त्यानं मंजुषाला फोन लावला. “ताई, तुमीच सांगा ह्यांना. चोर काय घरातून भाईर येनार हाय का?”

“अप्पा, आत लावून मला काय दिसणार? तुमची फळी?”

“लावू दे गं.”

“लावा भाऊ, ते म्हणतात तिथंच.”

मुनीबनं स्क्रू आवळले, सामान गोळा केलं. “जातो काका.”

“जातो म्हणू नये. येतो म्हण.”

“बरं, येतो.”

“ये,” धोंडप्पा लगेच म्हणाले. मुनीब उंबरा ओलांडून गेला. किती सहज गेला, ते बघत राहिले.

मग त्यांनी शर्ट घातला. चपला घातल्या. संसारभर ते इथं उभं राहून ‘येतो’ म्हणाले होते, आणि स्वयंपाकघरातून ‘या’ आल्यावरच त्यांचं पाऊल बाहेर पडलं होतं. भांडण झालेलं असलं तरी महानंदाबाई ‘या’ म्हणायच्या, फक्त जरा जोरात. त्यामागं एक प्रश्नही ठरलेला असायचा, ‘पिशवी घेतली का?’ त्याचा त्यांना राग यायचा. आता स्वयंपाकघरातून काहीच येत नव्हतं. ‘या’ ऐकल्याशिवाय कसं निघायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं.

“हां अप्पा, कोण आलंय? मला तर तुम्हीच दिसताय.”

“येतो,” धोंडप्पा म्हणाले.

पुण्यात कुठंतरी हॉर्न वाजला तेवढाच. चौकट धरून ते थांबले.

“या,” मंजुषा म्हणाली. मग तिनं लगेच विचारलं, “पिशवी घेतली का?”

“घेतली गं!” धोंडप्पा चिडून म्हणाले, आणि रिकाम्या हातांनी गल्लीत उतरले.