एका दिवसाची सोबत

"काका, वाट अरुंद आहे, माझ्या मागून या," गाइड म्हणाली आणि बागेच्या फाटकातून आत शिरली.

म्हातारा शिंपी तिच्या मागोमाग निघाला. आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं आणि समुद्रावरून ओला वारा येत होता. हंगाम सरल्यामुळे बागेत चिटपाखरूही नव्हतं. झोपाळे साखळीनं बांधून ठेवले होते, कारंजं कोरडं पडलं होतं. असल्या दिवसांत एवढ्या लांबून बागा बघायला कोण येतं, असं कुणीही विचारलं असतं. गाइडनं विचारलं नाही.

त्याला बाग बघायचीच नव्हती. तो तिच्याकडे बघत होता. अंगातलं निळं जाकीट तिला खांद्यांत ढगळ होत होतं, बाह्या दोनदा दुमडल्या होत्या. जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाला ते खुपलं. पोरगी वाळलीय, त्याच्या मनात आलं. धड जेवते तरी का?

"बाही आत घेऊन देऊ का?" न राहवून त्यानं विचारलं. "सुईदोरा खिशातच असतो माझ्या. दोन टाक्यांचं काम."

"नको काका, राहू दे," ती म्हणाली. "असंच बरं आहे."

लेक चार वर्षांची होती, तेव्हा एका पहाटे तिला झोपेत सोडून तो घराबाहेर पडला होता. दुसरी बाई होती, नवं दुकान होतं. पुढे बाई गेली, दुकानही बसलं आणि परत जायला तोंड उरलं नाही. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. बायको वारली, लेक समुद्रकाठच्या एका वस्तीत पाहुण्यांना हिंडवून पोट भरते, एवढं जुन्या शेजाऱ्याकडून कळलं. मग फोनवर खोटं नाव सांगून त्यानं तिचा एक दिवस मागून घेतला. ओळख द्यायची नाही, डोळे भरून बघायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची, असं मनाशी पक्कं करून तो आला होता.

दुसऱ्या बागेकडे जाताना ती एका बंद गल्लीत शिरली आणि तशीच परत फिरली. "बघा, पायाखालची वाट आणि तरी चुकले!" ती ओशाळून हसली. हसताना नाक थेट तिच्या आईसारखं दिसलं. शिंप्याला खोकल्याची उबळ आली. ती पाण्याची बाटली उघडून हातात देईपर्यंत तो भिंतीला धरून उभा होता.

बंदराजवळ मासे तळणारीची टपरी होती. टपरीवालीनं गाइडला न्याहाळलं. "अगंबाई, आज तू होय?"

"हो, मीच," गाइड घाईनं म्हणाली. "दोन प्लेट दे. एकीत तिखट कमी घाल, काकांना सोसायचं नाही."

शिंपी तिच्याकडे वळला. "मला तिखट सोसत नाही, हे तुला कसं कळलं?"

"सकाळपासून खोकताय की," ती म्हणाली.

तिनं काटे काढून मासा त्याच्या पुढे सरकवला. मासा ताजा होता, कुरकुरीत होता. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कुणी काटे काढले नव्हते. त्यानं कसेबसे चार घास गिळले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाठ फिरवून ती हळू आवाजात बोलली, "हो गं, आत्ताच जेवले. नाही, थोडंच."

चला, पोरीला जेवलीस का विचारणारं कुणीतरी आहे. शिंप्याला तेवढंच बरं वाटलं.

टेकडीवरच्या शेवटच्या बागेत पोहोचेपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीला आला. खाली राखाडी समुद्र पसरला होता. दोघं बाकावर टेकली.

"वडील काय करतात तुझे?" समुद्राकडे बघतच त्यानं विचारलं.

"वडील गेले. मी लहान होते तेव्हाच."

आईनं असंच सांगितलं असणार, शिंप्यानं मनाशी म्हटलं. बरोबरच केलं तिनं.

"फारसं आठवत नाही," गाइड पुढे म्हणाली. "खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. वाटभर गाणी म्हणायचे."

खांद्यावर! ते त्यालाही लख्ख आठवत होतं. गाणी मात्र आपण कधी म्हटली, हे काही केल्या आठवेना. म्हटलीही असतील. पोरीच्या लक्षात आहे म्हणजे म्हटलीच असतील.

"राग येतो त्यांचा?"

"गेलेल्या माणसावर कसला राग, काका?"

उतरताना तिनं त्याचा हात धरला तो गाडीतळापर्यंत सोडला नाही. गाडी लागलेलीच होती. तिनं त्याला खिडकीजवळची जागा बघून दिली, पिशवी मांडीवर ठेवली. "औषध वेळेवर घ्या," म्हणाली आणि जायला वळली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

ठरवलेलं सगळं शिंप्याच्या हातून सुटलं. त्यानं तिचं मनगट घट्ट पकडलं. "पोरी, मी खोटं नाव सांगितलं. गेलेला नाही गं मी. मीच तुझा बाप. माफ कर म्हणत नाही, तेवढं तोंड नाही मला. एकदा फक्त बाबा म्हण."

तिनं हात सोडवून घेतला नाही. डोळे मात्र भरून आले.

"मी तिची मैत्रीण आहे, काका. आजच्यापुरती तिच्या जागी आले," ती म्हणाली. "तुम्ही फोन केलात ना, तेव्हा नुसत्या आवाजावरून तिनं तुम्हाला ओळखलं होतं."