पाच जणींचा एक दाखला

“आमचा रविवार तुमी मारला, सायेब! आमी काय चोऱ्या केल्या?” हिरू ओरडली.

अन्न खात्याच्या साहेबांनी मान वर केली नाही. जीपच्या बॉनेटवर ते कागद मांडत राहिले. “मडकी उघडायची नाहीत. तब्येतीचे दाखले नाहीत तर धंदा नाही. सील.”

मागे जाळ भडकला होता. जाळात तीन मडकी उलटी. आत भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी. पोपटी. पळसदरीच्या धरणाशेजारी ठाकूरवाडीतल्या पाच बायांनी लावलेली. पोपटीला घड्याळ नसतं, पण वेळ असते. ती टळली की आतलं सगळं कोळसा. समोर मुंबईहून आलेली चाळीस माणसं पत्रावळी धरून उभी होती. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. ही जेवून खूश गेली तर पुढचे सगळे रविवार पक्के. उपाशी गेली तर मोबाइलवर वाट्टेल ते लिहिणार, आणि पाची जणी पुन्हा मोळ्या विकायला.

“अवो, दाखला हाय की!” हिरूने पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला.

साहेबांनी तो दोन बोटांत धरला. “हा पदू दरवडा यांचा. एकीचा. बाकी चौघींचे कुठे आहेत?”

पाची जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

रेशनकार्ड घराला एक. नळ वाडीला एक. बचत गटाचं पासबुक गटाला एक. तसा दाखलाही धंद्याला एकच असणार, असं वाडीनं धरलं होतं. ऑफिसातल्या माणसानं दुसरं काही सांगितलं नव्हतं. त्यानं खिडकीतून फॉर्म सरकवला होता आणि खिडकी लावून घेतली होती. मग पाची जणींनी सभा घेतली आणि आपल्यातली सगळ्यात तगडी बाई रक्त तपासून घ्यायला पाठवली. पदू. दोन मोळ्या एकदम डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी. ती पास झाली म्हणजे धंदा पास.

हिरूनं हे जसंच्या तसं सांगितलं. साहेब पोट हलेपर्यंत हसले. पाहुण्यांतलेही दोघे-तिघे हसले.

“तगडी पाठवली! अहो बाई, एकीच्या रक्तानं पाच जणी निरोगी ठरतात का? एखादीला कावीळ असेल, टायफॉइड असेल. लोकांच्या पोटात घालणार तुम्ही?”

हिरूचा आवाज खाली आला. “चुकलो सायेब. उद्या सकाळी चौघी कर्जतला जाऊन रगत देऊ. ही तीन मडकी तेवढी सोडा.”

“नियम म्हणजे नियम.” साहेबांनी एक जाड फाईल उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. “आत्ताच त्या पलीकडच्या रिसॉर्टवरून आलो. अकरा कामगार, अकरा दाखले, अकरा रिपोर्ट. याला म्हणतात शिस्त. शिका जरा.” ते पानं उलटत नावं वाचायला लागले. “हरेश. नवनाथ. पुढे...”

“पुढं हिरामण,” पदू म्हणाली.

ती इतका वेळ जाळाशी बसून काटक्या सारत होती. सगळ्यांनी वळून बघितलं. साहेबांनी पान उलटलं. हिरामण.

“मग मनोज. त्याच्यापुढं मंगळ्या.”

साहेबांनी अजून दोन पानं उलटली. मनोज. मंगळ्या. त्यांचं बोट तिथंच राहिलं.

“तुम्ही ओळखता यांना?”

“एकाचं बी तोंड नाय बघितलं.” पदू उठून पुढे आली. “लॅबमधी रगत द्याया गेल्ते. माझी एक नळी घेतली. मग लॅबवाला म्हणला, बाई, तुझं रगत झ्याक हाय, बस अजून. आनखी अकरा नळ्या भरल्या. एकेका नळीवर एकेक नाव चिकटवीत व्हता. सातवी शिकलेय सायेब, वाचीत बसले. समदी बाप्यांची नावं. मला वाटलं, टेंपोवर पोरांची नावं असत्यात, तशी नळ्यांवर असतील.”

“आन् तू आजपर्यंत गप बसलीस गं?” गोदा किंचाळली.

“मला काय म्हाईत! म्हणलं, तगडीचं जास्त घेत असतील. घरी येताना चक्कर आली, ती बी कुणाला सांगितली नाय. तुमी म्हणाल, कसली गं ही तगडी.”

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी एक रिपोर्ट दुसऱ्याशेजारी ठेवला. हिमोग्लोबिन तेरा पॉइंट दोन. तेरा पॉइंट दोन. तिसऱ्याचंही तेरा पॉइंट दोन. रक्तगट तोच, तारीख तीच. हिरूनं पदूचा कागद उलटा करून मागचा रिपोर्ट त्यांच्या नाकासमोर धरला. तेरा पॉइंट दोन. पत्रावळी धरलेली माणसं जीपभोवती गोळा झाली. कुणीतरी मोबाइल उंच केला.

साहेबांनी फाईल मिटली. फार पटकन मिटली. ते जीपच्या दाराकडे सरकले.

तिकडे गोदानं मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्रर्र! टेकायच्या आत पाणी उडालं. पोपटी झाली होती. आता एक मिनिट थांबायची सोय नव्हती.

पदू दारासमोर आडवी उभी राहिली. तिनं बाही दंडापर्यंत वर सारली.

“माझं एकीचं रगत त्या अकरा बाप्यांना चाललं. मग माझ्या ह्या चार बायांना का चालत नाय? जाता कुठं, सायेब? बोला!”