शांतीचा हात

“ख्रिस्ताची शांती लाभो,” म्हणत चर्चमध्ये सगळ्यांनी एकमेकांना हात दिले. माझ्यासमोर आला तो हात माझ्या घराशेजारच्या बावतीसचा. त्याच्या वॉशिंग मशीनचं पाणी वर्षभर माझ्या पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीत मुरत होतं. भांडणाच्या भीतीने मी देवालाच विनवायचो, त्याला सुबुद्धी दे.

पण आज फादर म्हणाले होते, “मनात भांडण ठेवून वेदीकडे येऊ नका.” हे देवाचं उत्तर असावं.

“प्रभू, सोबत राहा,” पुटपुटत मी तो हात घट्ट धरला. “तुलाही लाभो,” मी हळू आवाजात म्हणालो. “तुझ्या पाण्याने माझी पुस्तकं कुजतायत.”

“अंकल, हात सोडा, सगळे बघतायत!” तो कुजबुजला.

“आधी पाइप वळव.”

“वळवतो, आजच!”

मागच्या बाकावर, काहीच ऐकू न गेलेल्या नातालबाय गहिवरून डोळे पुसत होत्या. “सख्खे भाऊसुद्धा इतका वेळ हात धरत नाहीत!”