भुऱ्याच्या गळ्यातला बिल्ला

"बाई, भुऱ्याले सुई नका टोचू. नाक मरते त्याचं," मुखरू म्हणाला होता. विशाखा तेव्हा खळखळून हसली होती.

मुखरू आलापल्लीच्या जंगलातला वनमजूर. फेरीवर निघाला की विशाखाचा कुत्रा भुऱ्या त्याच्यापुढे चाले. वाघाचा वास आधी भुऱ्यालाच येई.

कुत्री पिसाळू नयेत म्हणून त्यांना लस टोचायचं शिबिर लागणार होतं. सक्ती नव्हती. विशाखानं आठ दिवस विचार केला. शेजारच्या इंदुताईंचं पिल्लू सुईनंतर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. पण घरात तीन वर्षांची यशू होती, भुऱ्याच्या ताटलीत हात घालणारी. कॉलेजात शिकलेलं आठवून विशाखानं ठरवलं, टोचायचंच.

शिबिराच्या दिवशी नेमका यशूला ताप आला. मग भुऱ्याला मुखरूच घेऊन गेला. दुपारी परतला, तेव्हा भुऱ्याच्या गळ्यात लस टोचल्याच्या खुणेचा पत्र्याचा बिल्ला होता.

"लई ओरडला का हो, मुखरूभाऊ?"

"नाई बाई. चूप होता," मुखरू दोरी गुंडाळत म्हणाला.

तिनं भुऱ्याचं अंग चाचपलं. ताप नाही, गाठ नाही. ताटलीसुद्धा चाटूनपुसून साफ. तिनं इंदुताईंना मुद्दाम बोलावलं. "पाह्यलं ना? काही होत नाई!"

"तुमचं नशीब बाई," इंदुताई म्हणाल्या.

पोळ्यानंतर भुऱ्या यशूच्या बोटाला चावला. दुसऱ्या दिवशी जंगलात गेला, तो आलाच नाही. बिबट्यानं नेला, असं लोक म्हणाले. दवाखान्यात चौदा सुया सांगितल्या, पोटात. यशूनं आईच्या गळ्याला मिठी मारली. विशाखानं पुन्हा विचार केला. कुत्र्याला तर टोचलं होतं, बिल्ला होता. पोरीला कडेवर घेऊन ती घरी आली.

त्याला दीड महिना झाला. आज यशू सकाळपासून तापली आहे. मुखरू बघायला आला आणि पायरीवरच बसला.

"बाई, तुमी हासल्या, म्हून बोललो नाई. सुई टोचू देल्ली नाई मी. बिल्ला तेवढा मागून आणला. त्याचं नाक मेलं असतं, तर वाघानं मले खाल्लं असतं."

आत यशूचे बाबा तिला पाणी पाजत होते. यशू किंचाळली, पेला फरशीवर आपटला.

विशाखा मीच. उंबरठा ओलांडायला माझे पाय उचलत नाहीत. दार उघडं आहे. तुम्ही जरा आत जा, माझ्या यशूनं घोटभर तरी पाणी घेतलं का, बघून या.