लाकडी मुलामा

"दे इकडे. टोकाची टिप सैल वाटतेय," म्हणत बाबांनी धाकटीच्या हातातली पूल खेळायची काठी घेतली, पुढचा अर्धा भाग फिरवून सोडवला आणि वर्कशॉपात जाऊन दार लोटून घेतलं.

धाकटीचं धाबं दणाणलं. उद्या अंतिम सामना, जिंकणारीला देशाच्या संघात जागा, आणि जे बाबांच्या डोळ्यांआड राहायला हवं होतं नेमकं तेच बाबांच्या हातात.

बाबा पूलच्या काठ्या बनवायचे. मेपलचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवायचं आणि लेथवर जरा जरा तासायचं. एके काळी त्यांच्या दारात गिऱ्हाइकांची रांग असायची. मग काळ्या कार्बनच्या काठ्या आल्या. त्या वाकत नाहीत, दमट हवेत फुगत नाहीत, फडक्यानं पुसल्या की झालं. मुख्य म्हणजे चेंडूला बाजूनं फटका मारला तरी तो नेमलेल्या वाटेनं जातो. लाकडी काठीनं मारला की थोडा भरकटतो, आणि तेवढं आधीच धरून नेम घ्यावा लागतो. मागच्या दोन्ही अंतिम सामन्यांत धाकटी तिथेच घसरली होती.

बाबांपुढे कार्बनचं नाव काढायची सोय नव्हती. "नळी आहे ती. प्लंबरकडे पण मिळेल," ते म्हणायचे. "माझ्या लेकीच्या हातात लाकूड आहे तोवर माझं दुकान आहे."

चेंडू भरकटू नये म्हणून गेले कित्येक महिने ते लाकडी काठीचं टोक आतून पोकरून हलकं करायच्या मागे लागले होते. टोपली फुटक्या काठ्यांनी भरायची. शेकोटीची सोय झाली, असं आई म्हणायची. धाकटीला त्यात काही राम वाटत नव्हता, पण तसं तोंडावर सांगायची तिची छाती नव्हती.

शेवटी तिनं मनाचा हिय्या केला. तिला खेळ शिकवणाऱ्या सरांकडून कार्बनचा पुढचा भाग घेतला आणि गाड्यांवर फिल्म चिकटवणाऱ्या मैत्रिणीकडे नेला. मैत्रिणीनं बाबांची काठी समोर ठेवून हुबेहूब तशाच रंगाची, तशाच रेषांची फिल्म त्यावर चढवली. टोकाची पांढरी कडीसुद्धा उठवली.

"तुझ्या बाबांनाच काय, सुतारपक्ष्यालाही कळणार नाही," ती म्हणाली.

बाबांचा चष्मा जाड झाला होता आणि लेथच्या थरथरीनं बोटं बधिर झाली होती. त्याच भरवशावर धाकटीनं हे केलं होतं, आणि तेच तिला आतून खात होतं.

ती वर्कशॉपच्या दारापाशी येरझारा घालत राहिली. आत लेथचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता.

"बाबा, राहू दे ना. चालेल तशीच."

"चालेल कशी? फायनल आहे ना तुझी?"

ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. आता ते बाहेर येतील, काठी पुढ्यात टाकतील आणि एक शब्दही बोलणार नाहीत, असं तिला वाटत होतं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

बाबा आले ते काठीची पेटी बंद करूनच.

"टिप बदललीय. आता उद्याच काढ. उगाच हात लावत बसू नकोस."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. कळलं नाही त्यांना. धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. बाबा पहिल्या रांगेत, सर त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब. धाकटीनं डाव्या हातात, काठी नीट सरकावी म्हणून घालायचा हातमोजा चढवला, मग पेटी उघडून काठी जोडली आणि खडू लावला. पहिल्या फटक्याचा आवाज जरा वेगळा आला, जरा खोल. नवी टिप, तिनं मनाशी म्हटलं.

समोरची मुलगी कसलेली होती. डाव बरोबरीत आले. शेवटच्या डावात जिंकायला फक्त काळा चेंडू उरला, तोही कडेला चिकटून बसला आणि पांढरा अशा जागी थांबला की बाजूनं फटका मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन वर्षं जिथे घात झाला होता तोच फटका.

हातात कार्बन आहे, तिनं स्वतःला बजावलं. भरकटणार नाही. वाकली, सरळ नेम धरला आणि मारला.

काळा चेंडू खिशात पडला.

सर धावत आले आणि तिच्या कानाशी कुजबुजले, "म्हटलं नव्हतं? कार्बन तो कार्बन."

तिकडे लोकांनी बाबांना गराडा घातला होता. "अजून लाकूडच जिंकतंय की," असं कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं. बाबा नुसते हसले. ते हसू धाकटीला बघवेना. तिनं त्यांना दंडाला धरून बाहेरच्या जिन्यापाशी नेलं.

"बाबा, मी तुम्हाला फसवलं. ते लाकूड नव्हतं."

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"वरून फिल्म लावलीय. आत कार्बन आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." तिचे डोळे भरून आले.

"असं?" बाबा म्हणाले. "मग काढून दाखव ती फिल्म."

धाकटीनं हातमोजा काढला. पांढऱ्या कडीखाली जिथे फिल्मचा जोड होता तिथे नख लावलं. नख घसरलं. तिनं काठी फिरवली, दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. मग चिडून घराची किल्ली काढली आणि जोर लावून खरवडलं.

तिच्या तळहातावर लाकडाचा पांढुरका भुसा पडला.