लाइन तुटता कामा नये

लिओने पहिल्या पेटीची वायर उपटली आणि दुसरीच्या दिव्याकडे बघत राहिला. एक, दोन, तीन. चौथ्याला हिरवा दिवा लागला. टेबलावरचा प्रिंटर अडखळला, मग ठाण्याच्या हेड ऑफिसातून येणारी ऑर्डर पुन्हा कागदावर उतरायला लागली.

"तुटली?" दारातून भिवाजीने विचारलं.

"नाय. घेतली दुसरीने."

भिवाजीने जिन्यात उभ्या असलेल्या कामगारांना हातानेच खूण केली. ते खाली गेले.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला हा रंगांचा कारखाना. मालक तो सिल्वासाला हलवणार, अशी कुजबूज श्रावणात सुरू झाली. मालकाने नोटीस लावली: अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या दिवसापासून सगळ्यांचा विश्वास बसला. युनियनचा सेक्रेटरी भिवाजी तीन पाळ्यांची माणसं घेऊन गेटवर बसला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची ताडपत्री उचलायची. रंग बनवायचा एक रिअॅक्टर, एक पंपसुद्धा हलू द्यायचा नाही. एकशे चाळीस घरांच्या चुली त्या गेटाला बांधलेल्या.

दुसरी भीती लाइनची. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी हेड ऑफिसातून टेलिफोनच्या लाइनवर ह्या दोन पेट्यांमधून यायच्या. एक राबायची, दुसरी नुसती बसून असायची. पहिली मेली की दुसरीने काम उचलायचं. आता सन दोन हजार उजाडलं की पेट्यांमधलं जुनं सॉफ्टवेअर तारीख चुकणार, म्हणून नवं घालायचं होतं. हेड ऑफिसच्या सुमेधा मॅडमनी बजावलेलं, "लाइन तासभर जरी बंद पडली ना लिओ, तर मालकांना आयतं कारण मिळेल."

म्हणून ह्या पेट्या सांभाळणारा लिओ गेले नऊ दिवस ह्या खोलीत. पंखा कुरकुरत होता, डोळे चुरचुरत होते. घरी अँजेलाने जेवण वाढणं सोडलेलं, नुसती ताटावर ताट झाकून ठेवायची. "त्या पेट्यांशीच लगीन लावायचं होतंस," म्हणाली. लिओकडे भांडायचीही ताकद उरली नव्हती.

मॅडमनी फॅक्सवर यादी पाठवलेली. दोन्ही पेट्यांमधली सगळी मांडणी फ्लॉपीवर उतरवा. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. दुसरी पेटी काम उचलते का ते करून बघा. सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात द्या. आणि काय कसं करायचं ते अगदी नवख्यालाही कळेल असं लिहून काढा.

शेवटचं वाचून लिओने फोन लावलेला. "मॅडम, मी मेलो तरी चालेल असं लिहून मागताय."

"तसं नाही हो. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

बरोबरच होतं. वीस वर्षांत कुणी तेवढं तरी विचारलं नव्हतं. एअरकंडिशनमध्ये बसणाऱ्यांना यंत्र आजारी पडतं ते कळतं, माणूस आजारी पडलेला कळत नाही. लिओने बावीस पानं लिहिली. वळणदार अक्षरात, आकृत्यांसकट.

शुक्रवारी दुपारी ती पानं, फ्लॉपी आणि पाकीट यांच्यासकट दुसरी पेटी खोक्यात भरली. ती ठाण्याला जाणार, नवं सॉफ्टवेअर घालून सोमवारी परत येणार. मग ती चालू करून पहिली पाठवायची. अपग्रेडची हीच रीत. एक कायम उभी ठेवायची.

गेटवर जीप अडवली. भिवाजीने खोकं उघडलं, पेटी उलटीपालटी करून बघितली. "हाय काय ह्याच्यात?"

"तुझ्या बापाची इस्टेट. अरे, सॉफ्टवेअर घालायला चाललेय. सोमवारी परत."

"कागद?"

"माझा शब्द आहे. कागद मालकाचा असतो."

आजूबाजूची माणसं हसली. भिवाजीही हसला. "लिओचा शब्द हाय, जाऊ द्या. डब्याएवढं वजन नाय त्याला. रिअॅक्टर तर नाय ना घालून नेत." मग त्यानेच खोक्याखाली गोणपाट घातलं, सुतळीने दोन वेढे आवळले. "खड्ड्यातून सांभाळून ने रे," ड्रायव्हरला म्हणाला, "आमचा जीव हाय त्याच्यात."

शनिवार-रविवार लिओ पहिलीच्या उशाशी बसून राहिला. आता तिच्या पाठीशी कुणी नव्हतं. वीज गेली तर, उंदराने वायर कुरतडली तर. खुर्चीतच मान टाकायचा, दचकून उठायचा, दिवा बघायचा. दिवा हिरवाच. आळीपाळीने माणसं वर येऊन चहा ठेवून जात. तीही दिव्याकडे बघून परत जात.

सोमवारी साडेदहा वाजले तरी प्रिंटरवर काही उतरलं नव्हतं. लिओने लाइन तपासली. चांगली होती. आठवड्याचा पहिला दिवस, गिऱ्हाइकं सुस्त असतील. तेवढ्यात फोन वाजला.

"लिओ, पहिली पेटी आता बंद करा," सुमेधा मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, दुसरी अजून आली नाही. लाइन तुटेल."

"नाही तुटणार. दुसरी आठ वाजल्यापासून चालू आहे. सगळ्या ऑर्डरी तिच्यावर येतायत, एकही चुकली नाही. काय सुंदर लिहिलंयत तुम्ही. इथल्या नव्या माणसाला काही विचारावंसुद्धा लागलं नाही."

"इथल्या म्हणजे? ठाण्यातल्या?"

मॅडमच्या मागे कुठेतरी एक मोठी मोटर घरघरत सुरू झाली.

"सिल्वासातल्या," त्या म्हणाल्या. "आज पहिला दिवस आहे आमचा."